अकरा ओळी

त्या अकरा ओळी बाकीच्यांपेक्षा किंचित डावीकडे सरकलेल्या होत्या. नऊशे चाळीस ओळींच्या त्या मेथडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या एका तुकड्यात, इतर सगळीकडे ओळीच्या सुरुवातीला दर पायरीला चार स्पेस सोडलेल्या होत्या, इथे तीन. स्क्रीनवर हा फरक तिळाएवढा दिसायचा. वर एका शब्दाची टीप होती: ‘तात्पुरतं’.

तिने त्या ओळी उचलून वेगळ्या काढल्या, त्यांना नाव दिलं आणि पुढच्या तुकड्याकडे वळली. स्पेस मात्र होत्या तशाच ठेवल्या.

“ताई, अजून त्याच मेथडमध्ये?” शेजारच्या टेबलावरून झटपटने विचारलं. हे टोपणनाव त्याला ऑफिसने दिलं होतं, आणि ते त्याने कष्टाने कमावलं होतं. “चालू गाडीचं इंजिन कुणी उघडतं का?”

“चालू आहे असं कोण म्हणालं?”

तीन आठवड्यांपूर्वी एका हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या कक्षात, एका बाळाचा ऑक्सिजन उतरला आणि अलार्म उशिरा वाजला. सिस्टरचं लक्ष होतं म्हणून बाळ वाचलं. अलार्म केव्हा वाजवायचा, हे ही मेथड ठरवत होती. ती सबंध वाचलेला माणूस ऑफिसात कुणी नव्हता.

साहेबांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. अलार्मचा आवाज वाढवायचा, आणि चौकशीत मास्तरांकडे बोट दाखवायचं. मास्तरांनी ही यंत्रणा उभी केली होती, ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हाताला धरून शिकवलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. निवृत्त माणूस उलट बोलत नाही.

“कुठली ओळ कुणाची, त्या नोंदीत प्रत्येक ओळीपुढे मास्तरांचंच नाव आहे,” झटपट म्हणाला.

“जुन्या मशीनवरून सगळं त्यांनी हलवलं, म्हणून.”

“मग लिहिलं कुणी? तेच शोधतेयस ना?”

“शोधत नाहीये. मांडतेय.”

दुपारी साहेब तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, या मेथडला हात लावायचा नाही, असं मी लेखी कळवलं होतं.”

“वाचलं.”

“मग?”

“लावला.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे अचानक कामात बुडाले होते.

“काही बिघडलं तर?”

“हॉस्पिटलच्या चार हजार जुन्या रीडिंगवर दोन्ही चालवून पाहिल्या. जुनी जिथे अलार्म वाजवते तिथेच नवी वाजवते. उशिरासकट. मी काही बदललेलं नाही. लहान लहान तुकडे केलेत आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचं नाव दिलंय. वाचता यावं म्हणून.”

“कुणाला वाचायचंय ते?”

“सिस्टरना.”

साहेब हसले. ती हसली नाही.

चौकशीच्या दिवशी सकाळी चहा तिच्यासमोर निवत होता.

“झाली तुझी टकटकटक सुरू,” नवरा म्हणाला.

तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर वाजत होता. तिने हात मांडीवर घेतला.

“मास्तरांसाठी नोकरी पणाला लावणार?”

“त्यांचं नाव खराब होऊ देणार नाही.”

“आठ वर्षांत पहिल्यांदा साहेबांशी भांडतेयस.”

“उशीरच झाला,” ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

मीटिंगच्या खोलीत मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, एखाद्या परीक्षेला आल्यासारखे. हॉस्पिटलच्या सिस्टर त्यांच्या समोर. तिने पडद्यावर मेथड लावली. नऊशे चाळीसच्या जागी आता सव्वीस ओळी होत्या, एकेका तुकड्याच्या नावाच्या.

“सिस्टर, वाचता का?”

“त्यांना काय कळणार त्यातलं?” साहेब म्हणाले.

“नाही कळलं तर मी हरले.”

सिस्टरांनी चष्मा लावला. “ऑक्सिजन वाचा. नाडी वाचा. सेन्सर निसटला असेल तर ओळखा...” त्यांनी वर पाहिलं. “अहो, हे तर आम्ही करतो तसंच आहे की!”

“पुढे वाचा.”

“तीन अलार्म आधीच वाजत असतील, तर चौथा चाळीस सेकंद रोखून धरा.”

“चाळीस सेकंद?” सिस्टर म्हणाल्या. “त्या दिवशी तीन अलार्म वाजत होते. ते बाळ चौथं होतं. हे कुणी ठरवलं?”

तिने तो तुकडा उघडला. अकरा ओळी पडद्यावर आल्या, तिळभर डावीकडे सरकलेल्या.

“मास्तर, नाव तुमचंच आहे,” साहेब म्हणाले.

मास्तरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे.

“असेल माझंच,” ते म्हणाले. “वय झालं आता, आठवत नाही. घ्या लिहून.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर आला. टक. टक. टक. मग ती उभी राहिली.

“मास्तर चार स्पेस सोडतात,” ती म्हणाली. “कायम चार. तीन मी सोडते. त्या ओळी माझ्या आहेत.”