लाल गंधार

"माझा गंधार उतरलेला? तुझ्या त्या डबड्याला गाण्यातलं काय कळतं?" मालूताई कडाडल्या. भाच्याने शिष्यांच्या रियाजासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. सूर बरोबर लागला की हिरवी रेघ, चुकला की लाल. ताईंची रेघ तिन्ही वेळा लाल आली होती.

"आता सकाळचं रेकॉर्डिंग लाव!" सकाळीच त्यांनी वैदेहीला 'गंधार चढा लावतेस' म्हणून शिकवणीतून हाकलून दिलं होतं.

वैदेहीची रेघ हिरवीगार उमटली.

"सूर मोजायला माप कोणाचं घेतलंस रे, गाढवा?"

भाचा चाचरला. "तुझंच, मावशी. तीस वर्षांपूर्वीच्या मैफलीची तुझी कॅसेट..."

ताईंनी लॅपटॉप धाडकन मिटला.

"बसलायस काय? वैदेहीला फोन लाव! म्हणावं, उद्या ये. आणि म्हणावं, तुझा गंधार बदललास तर याद राख!"