ठमीसाठी स्थळ

"नापास," साहेब म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिंपीणबाई अजून जिनासुद्धा उतरल्या नव्हत्या.

ठमीला कायमचं घर द्यायला आलेल्या त्या दुसऱ्या. पहिलं होतं बँकेतलं एक जोडपं. दोघंही दिवसभर बाहेर, म्हणून ते बाद. "पोरीनं काय भिंतींशी बोलायचं?" शिंपीणबाई दिवसभर घरात असत, पण त्यांच्याकडे शिलाईचं मशीन होतं. "टाचणी पडते, सुई पडते. पायात गेली म्हणजे?"

कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या ताई सोफ्यावर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"साहेब, तुम्ही तिला तात्पुरती सांभाळायला नेलीत. तिला घर मिळालं की तुमच्याकडे दुसरी देता येईल. आमच्याकडे एकेका पिंजऱ्यात तीन-तीन कोंबलीत. मोरीतसुद्धा बांधलीत."

"घाईत दिलेली पोर परत येते, ताई," साहेब म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, चहा कुठे तडमडला? झोप लागली की काय?"

साहेब आयुष्यभर कारखान्यांचे तपासनीस होते. दुसऱ्याच्या घरातली खोट त्यांना उंबऱ्यातूनच दिसे. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यांविरुद्ध तक्रारी सुरू केल्या. "एवढा पुळका असेल तर न्या की आपापल्या घरी!" असं त्यांनी ताईंना भर सभेत सुनावलं होतं. ताई म्हणाल्या, "आम्ही नेलीत. आता तुमची पाळी." चारचौघांत माघार कशी घ्यायची? शिस्त काय असते ते दाखवतो, म्हणत साहेबांनी एक म्हातारी, एका कानाने लुळी कुत्री घरी आणली. आठवडाभरात कुत्री साहेबांच्या उशीवर झोपू लागली आणि शिस्त पायपुसण्यावर आली.

साहेब तिचा भात स्वतः कालवत. रोज सकाळी तिला विचारत, "झोप लागली का गं, ठमाबाई?" बायकोला ताप भरला तेव्हा त्यांनी आरामखुर्चीतूनच सांगितलं होतं, "गोळी घे एखादी." ठमीला दोनदा शिंक आली, तर डॉक्टरांना घरी बोलावलं.

ठमीची एकच खोड होती. साहेबांचा आवाज चढला की ती पलंगाखाली जाऊन बसायची. "बघ, तुझ्या भांड्यांच्या आदळआपटीला घाबरली," साहेब बायकोला म्हणत. बायको पलंगाशी वाकून हात पुढे करी, आणि ठमी आतूनच तो हात चाटत राही.

तिसरं स्थळ ताई रविवारी घेऊन आल्या. ठेकेदार होते, बंगला होता, पुढे-मागे अंगण. टाचणीची भीती नाही, एकटेपणाची नाही. सोबत त्यांची बायकोही होती. साहेबांनी सगळं खोदून खोदून विचारलं. एकही खोट सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरत चालला. ठमीने ठेकेदारांचा बूट हुंगला. साहेबांना ते फितुरीसारखं वाटलं.

"आम्ही हिला वरच्या खोलीत..." ठेकेदारांची बायको बोलायला लागली.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?" ठेकेदार खेकसले.

साहेबांचे डोळे चमकले. ते उठले, हात जोडले, आणि पाहुण्यांना दारापर्यंत सोडून आले.

"ऐकलंत?" आत येताच ते ताईंना म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "जो माणूस परक्या घरात बायकोवर असा खेकसतो, तो आपल्या घरात काय करत असेल? अशा घरात मुका जीव ठेवायचा? माझा जीव गेला तरी देणार नाही!"

इतकी माणसं येऊन गेली निवाऱ्यात, पण हे कुणी बोललं नव्हतं. "खरं आहे, साहेब," ताई हळूच म्हणाल्या. "आमच्याही लक्षात आलं नसतं. पण मग करायचं काय हिचं?"

साहेबांनी ठमीला उचलून मांडीवर घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी तिच्या मानेत पुसलं.

"ही कुठेच जाणार नाही. मीच ठेवतो कायमची."

ताईंना आनंद झाला. नव्या कुत्र्यासाठी हे घर गेलं होतं, पण निदान एकीचं तरी कायमचं भलं झालं. "छानच! फक्त घरातल्या सगळ्यांची संमती लागते. वहिनींना एकदा विचारते."

"तिला काय विचारायचंय?" साहेब हसले, आणि तसेच बसल्या जागेवरून ओरडले, "ए, ऐकू येतंय का? इकडे ये, हो म्हण, आणि येताना पाणी आण!"

ठमी त्यांच्या मांडीवरून उतरली आणि पलंगाखाली गेली.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. पाणी आणलं नव्हतं. या घरात तिचं मत कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. ती वाकली, पलंगाखालून ठमीला अलगद बाहेर काढलं, तिच्या लुळ्या कानामागे खाजवलं, आणि तिला ताईंच्या हातात दिलं.

"ह्यांचं अगदी बरोबर आहे, ताई. बायकोवर खेकसणाऱ्याच्या घरात मुका जीव ठेवू नये. हिला आजच न्या, शिंपीणबाईंकडे द्या," ती म्हणाली. "माझ्या वेळी एवढी चौकशी करणारं कुणी नव्हतं."