तिसऱ्या पेटीची हजेरी

शिवमनं बाबांचा कॉम्प्युटर सुरू केला आणि कपाळाला हात लावला. काळा पडदा, त्यावर नुसती पांढरी अक्षरं. बाबांचा, उत्तमराव गुरुजींचा, हात थरथरतो, माऊस काही त्यांच्या हाती ठरत नाही. म्हणून थोरल्या गोकुळनं हा बटणांवर चालणारा मेल बसवून दिला होता. तीन लेकरं, तीन पेट्या. एक दाबा, पुष्पांजलीची पत्रं. दोन दाबा, शिवमची. तीन दाबा, गोकुळची.

दोन पेट्या झटकन उघडल्या. तिसऱ्या ओळीत गोकुळचं नाव आलं आणि मेल अडला. चांगले तीस सेकंद. मग खाली आलं, जोडणी झाली नाही.

ती होणार कशी? गोकुळची पेटी त्यानं मित्रांसोबत काढलेल्या कंपनीच्या सर्व्हरवर होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी चिखलीहून जानेफळला घरी येताना तो अपघातात गेला. दिवाळीनंतर कंपनी मिटली, सर्व्हर बंद पडला, त्याची पत्रंही गेली. आई, सरस्वतीबाई, सुरुवातीला त्याचं नाव कानावर पडलं की दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नसे. म्हणून तिच्यासमोर ते कोणी घेत नव्हतं.

"आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईन, बाबा?" शिवम म्हणाला. "हे मशीन रोज बंद दार ठोकून राह्यलं. ते ओळच बंद करतो."

"राहू दे ना बे. मले कुठं घाई हाये?"

पण शिवमला कुठला धीर! त्यानं सेटिंगची फाईल उघडली आणि गोकुळच्या ओळीपुढे एक खूण टाकली. खूण असलेली ओळ मशीन वाचत नाही, सोडून देतं. मग त्यानं मेल पुन्हा सुरू केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उघडलं.

"पाहा आता!"

उत्तमराव पडद्याकडे वाकले. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, समोर नावं दिसली की हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचणारच.

"पुष्पांजली," त्यांनी वाचलं. "शिवम."

त्यांची नजर खालच्या रिकाम्या ओळीवर थांबली.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"अहो," सरस्वतीबाई आतून म्हणाल्या, "आज गोकुळची हजेरी काऊन नाही घेतली?"

उत्तमरावांनी दचकून दाराकडे पाहिलं. रोज सकाळी गोकुळचं नाव आपण हळू आवाजात वाचतो, तिला ऐकू जात नाही, असंच ते समजत होते.

शिवमनं फाईल पुन्हा उघडली, खूण पुसली. खालच्या ओळीत किती वेळ वाट पाहायची तो आकडा होता, तीस.

त्यानं तिथं साठ केले.