आतल्या पट्ट्या

फ्लामेंको वाजवणाऱ्या बास्तियानकाकांनी डोळे मिटले, तशी रेमेदियोस पुढे झुकली. त्यांच्या मांडीवर तिने बनवलेली गिटार होती.

बापलेकीची पैज लागली होती. कारखान्यातल्या बाकावर चार गिटारी मांडल्या होत्या, तीन बाबांनी केलेल्या, एक तिने. बाहेरून सगळ्या सारख्याच; तेच पिवळट सायप्रसचं लाकूड, त्याच लाकडी खुंट्या. तिच्या गिटारीच्या पोटात आधाराला मात्र लाकडाऐवजी कार्बन फायबरच्या काळ्या पट्ट्या होत्या. कोणती कुणाची हे ठाऊक नसताना काकांनी तीच निवडली, तर आत कारागीर म्हणून रेमेदियोसच्या नावाची चिठ्ठी लागणार. नाहीतर पट्ट्यांचं खूळ बंद.

काकांचा अंगठा तारांवर कोसळला. आवाज कोरडा, खरखरीत, थेट छातीत लागणारा. त्यांची टाच फरशीवर आपटू लागली. दुकानासमोरची गोमेरेसची चढण चढणारे दोन पर्यटक काचेशी थबकले.

"अरे एउसेबियो!" काका ओरडले. "तरुणपणीचा हात परत आला की रे तुझा! हीच. बाकीच्या विक त्या बाहेरच्यांना."

बाबा क्षणभर फुलले. मग त्यांचा चेहरा पडला.

"ती हिने केलीय," ते म्हणाले. "आत कार्बन आहे."

काकांनी भोकातून बोटं घालून आत चाचपलं. पुन्हा तेच वाजवायला घेतलं आणि अर्ध्यातच थांबले.

"तरीच! मला आधीच शंका आली होती. फ्रिज घुरघुरल्यासारखं येतंय काहीतरी."

"काका, आत्ता डोळे मिटून वाजवत होतात तुम्ही!"

"वय झालं, पोरी. आपोआप मिटतात."

बाबांची एक गिटार पेटीत घालून काका उतार उतरून गेलेसुद्धा.

रेमेदियोस बाबांकडे वळली. "बाबा, पैज मी जिंकलेय."

"त्यानं माझी नेली."

"नेली तुमची. वाजवली माझी."

बाबांनी रंधा उचलला आणि मान खाली घातली. तिने एप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढली. ती चिकटवायला हवं ते सरसाचं भांडं बाबांच्या कोपराशी होतं. शेगडीवरून उतरवून बराच वेळ झाला होता, कडेने सरस साकळायला लागला होता.

बाबांनी भांडं तिच्याकडे सरकवलं नाही. बाजूलाही घेतलं नाही.