साहेबांचा खरा आवाज

सकाळी नऊ वाजता कारखान्याच्या स्पीकरवर साहेबांचं रेकॉर्ड केलेलं भाषण लागलं आणि त्यांचा किनरा आवाज चक्क भारदस्त निघाला. ध्वनितंत्रज्ञ यंत्राकडे धावला. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या ध्वनिनमुन्यांचा वेग, वाजवणाऱ्या यंत्राशी जुळवणारा फिल्टर तो लावायलाच विसरला होता, त्यामुळे सगळं हळू आणि जाड वाजत होतं.

साडेनऊला बोलावणं आलं.

“अरे, हाच माझा खरा आवाज! बायकोला फोनवरून ऐकवला, तर वीस वर्षांत पहिल्यांदा ‘अहो’ म्हणाली. संध्याकाळी पाच वाजता पाहुण्यांसमोर मी बोलेन, तेव्हा असाच लाव, नाहीतर दुसरी नोकरी बघ.”

“पण साहेब, थेट भाषण असं हळू वाजवणं जमत नाही हो.”

“जमव!”


पावणेपाच वाजले आहेत. साहेब बंद माइकसमोर नुसते ओठ हलवत उभे आहेत आणि तंत्रज्ञ पडद्यामागे दुसरा माइक धरून जाड आवाजात त्यांचं भाषण पाठ करतो आहे.