तालमीची भिंत

मुजावर साहेबांनी यंत्र तालमीच्या चुन्याच्या भिंतीला लावलं आणि हेडफोन कानांवर चढवले. भिंतीत मुरलेला जुना आवाज मिळाला, तरच इमारत सरकारच्या वारसा यादीत जायची, नाहीतर बुलडोझर. आवाज एकदा ऐकला की भिंतीतून कायमचा पुसला जाई आणि त्याची नक्कलही निघत नसे. म्हणून तो फक्त अधिकाऱ्यानं ऐकायचा, असा नियम होता.

तालमीच्या दिवंगत वस्तादांची मुलगी, साठीच्या सुभद्राताई, उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. बाईनं तालमीत पाऊल टाकायचं नाही, ही वडिलांचीच शिस्त. लहानपणी त्या दाराच्या फटीतून कुस्त्या बघायच्या, वडिलांच्या नकळत.

"वाचली तुमची तालीम," साहेब हेडफोन उतरवत म्हणाले. "वस्तादांचा आवाज मिळाला."

"काय म्हणाले आबा?"

"'दार पुरतं लावू नगा रं, पोरगी बघतीया.'" साहेबांनी नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं.

सुभद्राताई आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी भिंतीला कान लावला. भिंत मुकी होती.

"साहेब, आबा हे चिडून म्हणाले, का हसून?"

मुजावर साहेबांना सांगता येईना. त्यांनी नोंदीपुरते फक्त शब्द ऐकले होते.