तळ्यावरच्या नोंदी

"या नोंदी तुम्ही स्वतः घेतल्यात?" ताईने चष्मा नाकावर ओढून विचारलं.

"हो. रोज सकाळी सहाला, होडीतून. वर्षभर."

"खाली बघू नकोस. पुन्हा सांग."

त्याची ताई नर्स होती. खोटं बोलणारे पेशंट तिने ढिगाने पाहिले होते. मुलाखतीआधीचे तीन दिवस, सरावासाठी, ती जेवणाच्या टेबलाशी निवड समिती होऊन बसणार होती. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, ही त्याची शेवटची मुलाखत. पुढच्या महिन्यात वयाची मर्यादा संपत होती. ही संधी हुकली की मामाच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं.

नोंदी त्याच्या नव्हत्या. तळ्याच्या पाण्यातला प्राणवायू वर्षभर मोजला होता तो त्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने. बुटकी आणि सतत कामात, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तो नुसते तिचे आकडे संगणकात भरायचा, आलेख काढायचा. गेल्या वर्षी मुंगी छातीच्या आजाराने गेली आणि शोधनिबंध पाठवताना त्याने तिचं नाव गाळलं. मेलेल्या माणसाला नोकरी थोडीच लागते, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण मन काही ऐकेना.

"ऐन थंडीतही खंड नाही?" ताईने पुढचा प्रश्न टाकला.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोकलं. कोरडा, दाबलेला, मुंगीचाच खोकला. त्याने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"नाही," तो म्हणाला. "थंडीतल्या तीन आठवड्यांचा आलेख तर सगळ्यात सुबक आलाय."

ताईने कागद खाली ठेवला. "तिचं नाव घेतलंस तर काय बिघडेल रे?"

"मग तुम्ही काय केलंत, असं विचारतील."

ताई ताटं आवरायला उठली.

उरलेले दोन दिवस त्याने मुंगीने कधीकाळी सांगितलेल्या तिच्या सकाळी तोंडपाठ केल्या. वल्ह्याने आलेले फोड, गारठलेली बोटं, बाटलीचं न निघणारं झाकण. कधी कधी त्याला वाटायचं, होडीत खरंच आपण होतो. समोरच्या फळीवर मात्र कुणीतरी बसलेलं असायचं आणि ते खोकत असायचं. त्याला तिची भीती वाटत होती, आणि लाजही.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षबाईंनी अगदी मायेने विचारलं, "या नोंदी कोण घेत होतं?"

"मीच. एकही दिवस चुकला नाही."

"सोबत कुणी?"

"कुणीच नाही."

"थंडीतले ते तीन आठवडेसुद्धा? घाई नाही, नीट आठवून सांगा."

त्याने फोड सांगितले, बोटं सांगितली, झाकणही सांगितलं. या वेळी पाठीमागे कुणी खोकलं नाही. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळं वाटलं.

बाईंनी फाइलमधून, तळ्याच्या कामाला निधी देणाऱ्या त्यांच्याच संस्थेला गेल्या वर्षी आलेलं एक पत्र काढलं आणि त्याच्याकडे सरकवलं. ते बारीक, तिरकं अक्षर त्याने लगेच ओळखलं.

'रुग्णालयातून लिहिते आहे. थंडीतले ते तीन आठवडे मी तापाने पडून होते, तळ्यावर कुणीच गेलं नाही. ते आकडे मी खोलीत बसून मनाने लिहिले. माझ्या सोबत्याला यातलं काही माहीत नाही. उद्या त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून हे कळवते. विचारून बघा, नोंदी माझ्या आहेत हे तो आपणहून सांगेल.'